बेकन: कढवायचं, परतायचं की भाजायचं?

वाङ्मय मंडळाच्या अंकात बेकनवर लेख कशासाठी, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला होता. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी, मंडळात येतो तो कवितावाचनाच्या निमित्ताने आणि खरं सांगायचं तर चहाच्याही. पण दिवाळीच्या सुट्टीत घरी जे प्रयोग केले ते मांडायला बसलो आणि लक्षात आलं की यातला निम्मा धडा रसायनाचा असला, तरी निम्मा भाषेचा आहे. म्हणून हा लेख इथे.

आमचं मूळ घर वसईचं. बाबांची नोकरी हजीरा पट्ट्यातल्या एका कारखान्यात, त्यामुळे गेली काही वर्षं आम्ही इच्छापोरला राहतो. सुरतहून हजीऱ्याकडे जाताना वाटेत हे गाव लागतं. एकेकाळी नुसती शेती होती म्हणतात, आता एका अंगाला हिरे-दागिन्यांचं औद्योगिक पार्क, दुसऱ्या अंगाला मालट्रकांची रांग आणि मधे आमच्यासारख्यांच्या इमारती. आमच्या मजल्यावर चार घरं. समोरच्या घरात एक जैन आजी राहतात. सगळी सोसायटी त्यांना 'बा' म्हणते. दोन वर्षांपूर्वी आई अकरा दिवस दवाखान्यात होती तेव्हा रोज संध्याकाळी खिचडी-कढीचा डबा बांकडूनच यायचा. आमच्या घराची एक किल्ली कायम त्यांच्याकडे असते.

गेल्या वर्षी नाताळच्या सकाळी मी हौसेने बेकन करायला घेतलं. लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापवला आणि त्यावर पट्ट्या टाकल्या. पुढच्या पाच मिनिटांत स्वयंपाकघर धुराने भरलं, आई मदतीला आली तर तिच्या मनगटावर चरबीचा थेंब उडून फोड आला, पट्ट्या कडेला काळ्या आणि मधे कच्च्या राहिल्या. धूर दाराखालून बाहेर गेला. बांनी बेल वाजवली. "दीकरा, आ शेनी वास आवे छे?" मी दार अर्धं उघडून सांगितलं, टोस्ट जळला. त्या काही बोलल्या नाहीत, मान हलवून परत गेल्या.

आईचा फोड आठ दिवसांत बरा झाला. ते खोटं मात्र वर्षभर मनात राहिलं. म्हणून यंदा ठरवलं की आधी नीट शिकायचं, मग करायचं.

बेकन म्हणजे नेमकं काय

डुकराचं मांस मीठ लावून मुरवलं, बहुधा धुरी दिली आणि पातळ कापलं की बेकन होतं. 'बेकन' हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ 'पाठ' या अर्थाच्या जर्मानिक शब्दात आहे. गंमत अशी की आज बाजारात जास्त दिसणाऱ्या पट्ट्या पोटाच्या मांसाच्या असतात. त्यांत गुलाबी मांस आणि पांढरी चरबी यांचे आळीपाळीने पट्टे दिसतात. पाठीच्या मांसाचं बेकन वेगळं मिळतं, त्यात चरबी कमी आणि मांस जास्त.

मांस खारवून टिकवणं आपल्याला नवीन नाही. गोव्याचे चोरीस हे मीठ, व्हिनेगर, लाल मिरची आणि मसाल्यात मुरवून वाळवलेले असतात. आमची आजी नाताळला इंदियाल करते, त्यात व्हिनेगर आणि लसूण सढळ हाताने पडतं. त्याचाच चुलतभाऊ विंदालू. त्यातला 'आलू' बटाटा नव्हे. हा शब्द पोर्तुगीजमधल्या वाइन आणि लसूण या दोन शब्दांवरून आला आहे. इच्छापोरहून पश्चिमेला गेलं की सुवाळीचा किनारा लागतो. १६१२ साली तिथेच कॅप्टन थॉमस बेस्टच्या इंग्रज जहाजांची पोर्तुगीजांशी लढाई झाली आणि त्यानंतर इंग्रजांची वखार सुरतेत पक्की झाली. त्या काळच्या इंग्रज जहाजांवर पिंपात खारवलेलं गाईचं आणि डुकराचं मांस हे खलाशांचं नेहमीचं अन्न होतं. तेव्हा आज मी मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून जे आणतो, त्याचे पूर्वज आमच्या घराजवळच्या समुद्रावर चारशे वर्षांपूर्वी येऊन गेले आहेत.

बेकनमध्ये मिठाबरोबर बहुधा सोडियम नायट्राइट असतं. त्यामुळे रंग गुलाबी राहतो आणि बोटुलिझमसारखी घातक विषबाधा करणारे जिवाणू वाढत नाहीत. पण मुरवलं, धुरी दिली म्हणजे शिजलं असं नाही. पाकिटावर 'शिजवलेलं' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते कच्चंच समजायचं. कच्चट राहिलेल्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी पोटात जाऊ शकतो. म्हणून पहिला नियम असा की पद्धत कुठलीही निवडा, पट्टी आरपार शिजली पाहिजे.

एका पट्टीत तीन कामं

बेकन अवघड का जातं? कारण त्या पातळ पट्टीत एकाच वेळी तीन वेगळी कामं व्हायची असतात आणि तिघांना लागणारी उष्णता वेगवेगळी.

पहिलं काम म्हणजे पाणी बाहेर काढणं. मांसात पाणी भरपूर असतं. ते असेपर्यंत पट्टीचं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही.

दुसरं काम चरबी वितळवून वेगळी करणं. चरबी नुसती मऊ व्हायला फार उष्णता लागत नाही, पण ती पेशींच्या जाळ्यातून सुटून बाहेर यायला वेळ लागतो. इथे घाई चालत नाही.

तिसरं काम रंग आणि वास आणणं. साधारण १४० अंशांच्या वर प्रथिनं आणि साखर यांच्यात जी अभिक्रिया वेगाने होते, तिचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार याने १९१२ साली केलं. पावाचा तपकिरी कवच, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, कॉफीच्या बियांचा रंग या सगळ्यांत मायार अभिक्रियेचा हात आहे. हे काम शेवटी व्हायला हवं आणि थोडाच वेळ चालायला हवं. कारण डुकराची चरबी साधारण १८० ते १९० अंशांच्या पुढे धूर सोडू लागते.

माझी गेल्या वर्षीची चूक आता सहज समजेल. मी तिसऱ्या कामापासून सुरुवात केली. तापलेल्या तव्यावर पट्टीची कड लगेच तपकिरी झाली, मांस आकसलं, चरबी मात्र आतच राहिली. मांस आणि चरबी सारख्या प्रमाणात आकसत नाहीत म्हणून पट्टी वळली. वळलेली पट्टी तव्याला फक्त दोन-तीन ठिकाणी टेकली, तिथे ती करपली आणि बाकी अधांतरी कच्ची राहिली. उडणाऱ्या थेंबांचं कारणही हेच. तापलेल्या चरबीत पाण्याचा थेंब सापडला की त्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. ती जागा आईच्या मनगटापर्यंत पोचली.

आजीची बेरी

हे सगळं मी वसईला आजीला फोनवर सांगत होतो. तिने बेकन कधी केलेलं नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, म्हणजे तूप कढवायचं आहे ना? मग एवढं काय त्यात?"

मी गप्प झालो. खरंच. लोणी कढवताना आपण काय करतो? थंड पातेल्यात लोणी घालतो, मंद आचेवर ठेवतो. आधी फेस येतो आणि तडतड आवाज होतो, तो लोण्यातल्या पाण्याचा. पाणी संपत आलं की आवाज उतरतो. मग तूप पारदर्शक होतं, तळाशी बेरी बसते. ती आधी बदामी, मग तपकिरी होते आणि लक्ष दिलं नाही तर काळी. पाणी जाणं, चरबी सुटणं, शेवटी रंग येणं, हीच तीन कामं याच क्रमाने. बेकनच्या बाबतीत आपल्याला तुपापेक्षा बेरीत जास्त रस आहे, एवढाच फरक.

इथे भाषेचा धडा सुरू होतो. इंग्रजी पाककृतीत बेकन 'फ्राय' करा असं लिहिलेलं असतं आणि आपण त्याचं मराठी 'तळा' असं करतो. पण तळणे म्हणजे भरपूर तापलेल्या तेलात सोडणे. परतणे म्हणजे थोड्या तेलावर हलवत राहणे. भाजणे म्हणजे तेलाशिवाय कोरड्या आचेवर. कढवणे म्हणजे मंद आचेवर ठेवून नको ते घालवणे आणि हवं ते वेगळं करणे. बेकन सुरुवातीला कढतं, मधे स्वतःच्याच चरबीत परतलं जातं आणि शेवटी भाजलं जातं. एकाच पदार्थाला तीन क्रियापदं लागतात. मी 'तळा' या एका शब्दावर विसंबलो आणि तवा तापवून बसलो. चुकीचं क्रियापद निवडलं की पदार्थ चुकतो, हे व्याकरणाच्या तासाला कुणी सांगितलं असतं तर जरा जास्त लक्ष दिलं असतं.

विशेषणंही पाहा. कुरकुरीत हे आवाजाचं, खरपूस हे रंगाचं आणि चवीचं, खमंग हे वासाचं. करपलेलं म्हणजे हद्द ओलांडलेलं. कुणी "कसं झालं?" विचारलं की आपण सगळ्याला 'मस्त' म्हणतो. पण घरात पाच माणसं असतील तर कुणाला कुरकुरीत हवं, कुणाला नुसतं खरपूस आणि मऊ, हे आधी विचारलं पाहिजे.

माझे पाच प्रयोग

दिवाळीच्या सुट्टीत दोन पाकिटं आणली. प्रत्येक पद्धतीला दोन पट्ट्या, स्वयंपाकघरातला वजनकाटा, मोबाइलचं घड्याळ आणि एक वही. बाबा परीक्षक. आदल्या रात्री पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून उतरवायचं, ओट्यावर ठेवून नाही, हे आधीच ठरलेलं.

१. तापलेला तवा. गेल्या वर्षीचाच प्रकार, मुद्दाम पुन्हा केला, फक्त आच मध्यम ठेवून आणि आईला लांब बसवून. सहा मिनिटं. पट्ट्या वळल्या, रंग असमान, थेंब शेगडीभर. उष्णता इथे वहनाने येते, म्हणजे जिथे स्पर्श तिथेच पोचते. वळलेल्या पट्टीचं हेच दुखणं.

२. थंड तवा. पट्ट्या आधी मांडल्या, एकमेकींवर चढणार नाहीत अशा, आणि मग गॅस लावला, आच मंद. दोन-तीन मिनिटांत चरबी पाझरायला लागली. तिने तव्यातल्या फटी भरल्या आणि उष्णता सगळीकडे सारखी पोचू लागली. दर दोन मिनिटांनी उलटल्या. बारा मिनिटं. पट्ट्या बऱ्यापैकी सपाट, कडा खरपूस, मधे किंचित मऊ. धूर जवळजवळ नाही. थेंब उडाले पण कमी.

३. पाणी घालून. थंड तव्यात पट्ट्या आणि त्या जेमतेम भिजतील एवढं पाणी. आधी ऐकून हसू आलं, कुरकुरीत करायचं तर पाणी कशाला? पण पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांपाशी धरलेलं राहतं आणि तेवढ्या वेळात चरबी निवांत सुटते. पाणी आटलं की आवाज बदलतो, चरचर बारीक होते. तिथून आच मंद करून चार-पाच मिनिटं. एकूण सोळा मिनिटं. मांस सगळ्यांत मऊ, चरबी कुरकुरीत, तवा स्वच्छ. खारटपणा तेवढाच, कारण मीठ पाण्यात उतरलं तरी पाणी आटल्यावर ते तव्यातच राहतं.

४. ओटीजी. ट्रेवर बेकिंग पेपर, त्यावर पट्ट्या एका थरात, १९० अंश, मधला कप्पा. इथे उष्णता गरम हवेच्या अभिसरणाने आणि तापलेल्या दांड्यांच्या प्रारणाने सगळीकडून येते, उलटावं लागत नाही. सतरा मिनिटं, पण शेवटची चार मिनिटं काचेसमोरून हलायचं नाही. पट्ट्या सपाट, रंग सारखा, थेंब सगळे ओटीजीच्या आत. कागद ट्रेच्या बाहेर लोंबता कामा नये, दांडीला लागला तर पेटेल. ओटीजी आधी पुसून घ्यायला हवा. आमच्यात जुनी चरबी होती, तीच आधी धुरकट वास देत होती.

५. मायक्रोवेव्ह. ताटलीत जाड टिश्यू पेपर, वर पट्ट्या, वर पुन्हा टिश्यू. वर्तमानपत्र अजिबात नाही, शाई अन्नात उतरते. एका पट्टीला साधारण एक मिनिट. दोन पट्ट्या सव्वादोन मिनिटांत झाल्या. वास सगळ्यांत कमी, भांडी जवळजवळ नाहीत. कुरकुरीत झाल्या, पण पापडासारख्या. मायक्रोवेव्ह मुख्यतः पाण्याच्या रेणूंना हलवून उष्णता निर्माण करतो, म्हणून पृष्ठभाग तव्यासारखा खरपूस होत नाही. बाबा म्हणाले, "आवाज आहे, गाणं नाही."

एअर फ्रायर आमच्याकडे नाही. आत्याकडे आहे. ती १८० अंशांवर आठ-नऊ मिनिटांत करते आणि खालच्या भांड्यात दोन चमचे पाणी घालते, म्हणजे खाली गळलेली चरबी तापून धूर करत नाही. तत्त्व ओटीजीचंच, फक्त पंखा जोराचा आणि जागा कमी.

वजनाची नोंद सगळ्यांना चकित करणारी होती. ओटीजीत कच्च्या पट्ट्या ५० ग्रॅम होत्या, शिजल्यावर १७ ग्रॅम. सुमारे तिसरा हिस्सा. उरलेलं पाणी वाफ होऊन गेलं आणि चरबी ट्रेमध्ये राहिली. ही चरबी बेसिनमध्ये ओतायची नाही. पाइपात ती गोठते आणि खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांची वाट अडवते. कोमट झाली की गाळून बरणीत, फ्रीजमध्ये. उकडलेले बटाटे परतायला एक चमचा पुरतो. नको असेल तर जुन्या कागदात टिपून कचऱ्यात.

आणखी एक सूचना, घरी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी. चरबीने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. गॅस बंद करायचा, झाकण घट्ट ठेवायचं आणि भांडं उचलायला जायचं नाही.

बाबांच्या दोन पट्ट्या

बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. म्हणून 'सगळ्यांत चांगली पद्धत' या प्रश्नाला आमच्या घरात आणखी एक अट आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं सांगते. मीठ बेकनच्या आतच असतं, ते वरून कमी घालायची सोय नाही. त्यावर जुना उपाय आहे. पट्ट्या आधी भरपूर पाण्यात दोन-तीन मिनिटं उकळायच्या, ते पाणी फेकून द्यायचं, पट्ट्या टिपून कोरड्या करायच्या आणि मग ओटीजीत घालायच्या. तिसऱ्या पद्धतीतलं पाणी आटवलं जातं, इथे ते फेकलं जातं, हा फरक महत्त्वाचा. मीठ सगळं जात नाही पण जिभेला कळण्याइतकं कमी होतं. बाबांना ते फिकं वाटलं. आईने त्यावर मिरपूड टाकून विषय संपवला.

दुसरी गोष्टही सांगायला हवी, कारण अभ्यासाचा लेख म्हणजे फक्त चवीचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस हे माणसात कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पहिल्या गटात घातलं. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. पहिला गट पुराव्याच्या पक्केपणाबद्दल बोलतो, धोक्याच्या आकाराबद्दल नाही. म्हणून तंबाखू त्याच गटात असली तरी दोन्ही सारखेच घातक असा अर्थ होत नाही. पण रोजचा नाश्ता म्हणून हे नको, एवढं त्यातून स्पष्ट आहे. शिवाय बेकन जास्त तापमानावर करपवलं की नायट्राइटपासून नायट्रोसामाइन नावाची घातक द्रव्यं जास्त तयार होतात. म्हणजे काळी पट्टी फक्त बेचव नाही, वाईटही आहे. आमच्या घरी आता वर्षातून दोन-तीनदा, नाताळ आणि ईस्टर धरून, आणि बाबांना दोनच पट्ट्या.

मग सगळ्यांत चांगली पद्धत कुठली?

वहीत मी रकाने आखले होते: वेळ, धूर, थेंब, रंग, चव, भांडी. गुण दिले, बेरीज केली. ओटीजी आणि पाण्याची पद्धत जवळजवळ सारख्या आल्या. मग कळलं की बेरीज करून हा प्रश्न सुटत नाही, कारण रकान्यांचं वजन घराघरात वेगळं आहे. माझी शिफारस म्हणून अशी:

होस्टेलवर किंवा एकट्याने राहत असाल, एकच शेगडी असेल, तर थंड तवा. नवशिक्याला हाच सोपा, समोर दिसतं आणि आच कमी करता येते. पट्ट्या जाड असतील किंवा आत मांस मऊ हवं असेल तर पाण्याची पद्धत. चार-पाच माणसांचा नाश्ता असेल तर ओटीजी, कारण सगळ्यांचं एकदम होतं आणि करणारा माणूसही टेबलाशी बसू शकतो. घाई असेल आणि फक्त अंड्यावर भुरभुरायला चुरा हवा असेल तर मायक्रोवेव्ह. तापलेला तवा कुणालाच नाही.

आम्ही ओटीजी निवडला. आईचं मनगट, धूर नाही, पाच माणसं, ही कारणं वहीत आहेत. वहीत नसलेलं एक कारण समोरच्या दारामागे होतं.

बिनधुराची पद्धत सापडली तेव्हा मला आनंद झाला तो थोडा चोरटा होता. वाटलं, आता बांना कळणारच नाही. बाबांनी तर खिडक्या बंद करून अगरबत्ती लावायचाही बेत सांगितला. पण चौथ्या प्रयोगानंतर मी मुद्दाम बाहेर जाऊन उभा राहिलो. धूर नव्हता. वास होता, मंद पण स्पष्ट. ज्या अभिक्रियेने चव येते तिनेच वास येतो आणि वासाचे रेणू दाराला जुमानत नाहीत. वसईला सुके बोंबील भाजले की आळीला कळतं, तसंच. बिनवासाचं बेकन म्हणजे बिनचवीचं बेकन. लपवायची पद्धत रसायनशास्त्रात नाही.

चोवीस डिसेंबरला संध्याकाळी बांकडे गेलो. नानखटाईचा पुडा नेला होता, बिनअंड्याची, विचारून घेतलेली. बसलो आणि सांगितलं की उद्या सकाळी आमच्याकडे मांस शिजेल, धूर होणार नाही पण वास येईल आणि गेल्या वर्षी टोस्ट जळला नव्हता.

बा थोडा वेळ नानखटाईच्या पुड्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मने खबर हती." मला माहीत होतं. पुढे म्हणाल्या, "आठ वाग्या पछी करजे. हुं त्यारे देरासर होउं छुं." त्या वेळी मी देवळात असते. एवढंच. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही. त्यांना ते आवडतं असं झालं नाही, आवडावं अशी अपेक्षाही नाही. फक्त आता त्यांना वेळ माहीत असते आणि मला खोटं बोलावं लागत नाही.

पंचवीस तारखेला सव्वाआठला ओटीजी लावला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, बाहेरच्या दाराखाली ओला पंचा. सतरा मिनिटं. पट्ट्या सपाट, खरपूस, बाबांच्या दोन जरा फिक्या. साडेदहाला बा परतल्या तेव्हा बाहेर वास उरला नव्हता. दुपारी त्यांच्याकडून कढीचं पातेलं आलं. आमचं पातेलं आम्ही घासून, फळं घालून परत पाठवतो. शिजवलेलं काही घालत नाही. हा नियम आईने पहिल्या डब्यापासून पाळलेला आहे, मला तो यंदा समजला.

करून पाहा

मंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी दोन कामं सुचवतो.

एक: घरातल्या मोठ्या माणसाला विचारून उष्णतेची क्रियापदं जमवा. भाजणे, परतणे, तळणे, कढवणे, आटवणे, शेकणे, उकडणे, वाफवणे यांत तुमच्या गावची कुठली भर पडते? प्रत्येकापुढे एक पदार्थ लिहा आणि तिथे दुसरं क्रियापद का चालणार नाही ते एका वाक्यात सांगा.

दोन: लोणी कढवताना शेजारी उभे राहा. मोबाइल बाजूला ठेवा आणि फक्त आवाज ऐका. तडतड कधी थांबते ते लिहून ठेवा. बेकन कधीच करणार नसाल तरीही हे ऐकून ठेवा. पाणी संपल्याचा आवाज ओळखता आला की स्वयंपाकघरातले निम्मे अंदाज बरोबर यायला लागतात.